रेबाबावरची मेणाची गोळी

कॅनडाहून परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "नायगारा कसा वाटला?" पाणी वरून पडतं, पुष्कळ पडतं, जवळ गेलं की आपण भिजतो. झालं सांगून. लाल-पिवळी झाडंही पाहिली. त्यांचे फोटो लेकीनं ग्रुपवर टाकलेत, ज्याला हवे त्यानं बघावेत. मला बोलायचंय ते मेणाच्या एका गोळीबद्दल. पण मी मेण म्हटलं की आमच्या भजनी मंडळातल्या बायका एकमेकींकडे बघतात आणि कुणीतरी चहा ठेवायला उठतं. म्हणून लिहूनच काढते. वाचता वाचता कुणाला चहाला उठायचं असेल तर खुशाल उठावं, मी थांबते.

माझी ओळख एवढीच की मी सांगलीची, शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले आणि मंडळात पखवाज वाजवते. बाई पखवाजाला बसणार म्हटल्यावर ज्यांनी सुरुवातीला नाकं मुरडली, तेच आता एकादशीला मला न्यायला रिक्षा पाठवतात. पखवाजाच्या डाव्या तोंडावर वाजवण्याआधी भिजवलेल्या कणकेचा गोळा थापावा लागतो. त्याशिवाय त्याला घुमारा येत नाही. ती कणीक किती, नेमकी कुठं आणि किती ओली, यात निम्मं वाजवणं असतं. ज्यांनी पखवाज जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी हे आधीच सांगून ठेवलं.

मिसिसागा

माझी मुलगी केतकी मिसिसागात एका उंच कॉन्डोत एकोणिसाव्या मजल्यावर राहते. जावई कामासाठी कॅल्गरीला गेला होता, त्यामुळे घरात आम्ही दोघीच. कॉन्डो फार सुंदर, पण तिथं आवाज करायला बंदी. उदबत्ती लावली तर स्मोक अलार्म ओरडतो, आणि मी टेबलावर नुसती बोटं आपटली तरी केतकी लॅपटॉपमधून मान वर करून म्हणायची, "आई, प्लीज. खालून कम्प्लेंट येईल गं." चार मोकळे बोल काढायला मिळेनात म्हणून माझे हात शिवशिवत होते.

अशात एका दुपारी लिफ्टमध्ये एक म्हातारे गृहस्थ शिरले. बारीक अंगकाठी, पांढरी दाढी, डोक्यावर काळी मखमली टोपी, आणि कडेवर मूल घ्यावं तसा फुलाफुलांच्या कापडात गुंडाळलेला दुतोंडी ढोल. इथल्या लिफ्टमध्ये कुणी कुणाशी बोलत नाही, सगळे आकड्यांकडे बघतात. मी कशाची बघतेय! सरळ विचारलं, "इज इट पखवाज?"

"गेंडांग," ते म्हणाले. मग माझ्या हाताकडे बघून, "तुम्ही वाजवता वाटतं? बोटं हलताहेत तुमची."

पुढचं सगळं बोलणं इंग्रजीत झालं, ते मी माझ्या मराठीत देते. त्यांचं नाव डॉक्टर हसन. मलेशियाच्या ईशान्येला केलांतान नावाचा मुलूख आहे, तिथले. तरुणपणी दाताचे डॉक्टर म्हणून कॅनडात आले, आयुष्यभर इथल्या लोकांचे दात काढले, आता निवृत्त. बायको वारली, मुलगी ओकव्हिलला असते. केतकी त्यांना 'पाक चिक' म्हणते, म्हणजे काका. मला ते 'पुआन' म्हणायचे, म्हणजे बाई. मी आपली डॉक्टरच म्हणत राहिले.

दोन दिवसांनी त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. नारळाच्या दुधात शिजवलेला भात, भाजलेले शेंगदाणे, काकडी, आणि सांबल नावाची लालभडक चटणी. मी शाकाहारी म्हणून त्यांनी सुकट माझ्या ताटाबाहेर ठेवली होती. पण चटणीतच कोळंबी वाटलेली होती हे मला निम्मा भात संपल्यावर कळलं. त्यांनी इतक्या मायेनं वाढलं होतं की काही बोलवेना. मूग गिळले, म्हणजे खरं तर कोळंबी गिळली, आणि आणखी भात मागून घेतला.

जेवणानंतर त्यांनी वाद्यं दाखवली. बेडरूमची एक अख्खी भिंत भरलेली. आमच्या सनईची सख्खी बहीण शोभेल अशी सेरुनाई. कोंपांग म्हणजे एका हातात धरायचा डफ, लग्नाच्या वरातीत दहा-वीस जण मिळून वाजवतात. दोन टांगलेल्या घंटा, एक मोठी एक लहान. गेंडांगसुद्धा दोन, मोठ्याला ते आई म्हणतात आणि धाकट्याला मूल. आमचा तबला-डग्गाही असाच जोडीनं नांदतो, पण त्यांची नाती लावायचं आम्हाला कधी सुचलं नाही, याचं मला जरा वाईट वाटलं.

मी गेंडांगाची आई मांडीवर घेऊन थोडी वाजवून पाहिली. आवाज कोरडा, टणक. मी सहज म्हणाले, "थोडी कणीक लावून बघू या का? भरदार होईल." डॉक्टरांनी झटकन ढोल माझ्या मांडीवरून काढून घेतला. "याला काहीही लावत नाहीत, पुआन!" त्यांचा चेहरा असा झाला की मी पाणी मागून विषय बदलला.

"मेण लावतात ते रेबाबाला," मग ते निवळून म्हणाले. भिंतीवर मधोमध एक रिकामी खुंटी होती. रेबाब म्हणजे तीन तारांचं, उभं धरून गजानं वाजवायचं वाद्य. अंग फणसाच्या लाकडाचं, तोंडावर जनावराच्या पोटातली पातळ कातडी, वर नक्षीचा उंच मुकुट. त्यांनी फोटो दाखवला. कातडीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात काळपट मण्यासारखं काहीतरी चिकटलेलं होतं. ती मधमाशीच्या मेणाची गोळी. तिच्यानं आवाजातली किरकिर मरते, सूर गोल होतो. ती काढली तर रेबाब कुत्र्यासारखा विव्हळतो, असं डॉक्टर म्हणाले. मला एका वाक्यात सगळं समजलं.

हा रेबाब त्यांच्या वडिलांचा. उन्हाळ्यात तो मॉन्ट्रियलच्या एका संग्रहालयात प्रदर्शनासाठी गेला होता. संग्रहालयाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, त्यांना तेवढी प्रसिद्धीही मिळू नये. आता ते लोक म्हणत होते, तो कायमचाच द्या. डॉक्टरांचीही तयारी होती. बोटं आखडली आहेत, मुलीला वाद्यात रस नाही, घरात राहिला तर कपाटात जाणार. संग्रहालयानं कबूल केलं होतं की जाणकार कुणी आलं तर त्याला काढून वाजवायला देऊ. डॉक्टरांची अट एकच होती. प्रदर्शनाच्या शेवटच्या रविवारी तो आपण स्वतः एकदा वाजवणार, आणि मग सही करणार.

आणि वाजवायचं काय तेही ठरलेलं. केलांतानात 'माक योंग' नावाचं गाण्या-नाचण्याचं नाटक होतं. त्यात खेळ सुरू होण्याआधी सगळ्या नट्या जमिनीवर बसून रेबाबाकडे तोंड करतात. प्रेक्षकांकडे नाही, वाद्याकडे. रेबाब वाजू लागतो, त्याच्या सुरावर त्या बसल्या जागी हात हलवत गातात, आणि त्यानंच मोकळीक दिल्यासारख्या एकेक उठतात. डॉक्टरांचे वडील हे वाजवायचे. "तेवढं एकदा नीट वाजलं की झालं," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या मुलीला त्या आठवड्यात सुट्टी नव्हती. केतकी म्हणाली, "पाक चिक, आय'ल ड्राइव्ह. आईला मॉन्ट्रियल दाखवायचंच होतं."

मॉन्ट्रियल, शनिवार

रस्त्याबद्दल काही लिहीत नाही. सरळ रस्ता, दोन्हीकडे मका, मध्ये कॉफी.

मॉन्ट्रियलला पोचलो आणि सगळ्या पाट्या फ्रेंच झाल्या. पार्किंगच्या एका खांबावर पाच पाट्या एकाखाली एक. केतकी खाली उतरून त्या वाचत उभी राहिली. "मंगळवारी सकाळी नो पार्किंग, विंटरमध्ये स्नो क्लिअरिंग... आई, मला वाटतं इथे चालेल. आय थिंक." तोवर डॉक्टर आणि मी भाड्यानं घेतलेल्या घराकडे बघून थक्क झालो होतो. जिना घराच्या बाहेर! लोखंडी, वळणावळणाचा, थेट तिसऱ्या मजल्यापर्यंत. जिथं अर्धं वर्ष बर्फ पडतं तिथं या लोकांनी जिना उघड्यावर ठेवलाय आणि वर त्याचं कौतुक आहे, लोक फोटो काढतात. डॉक्टर एकेका पायरीवर थांबत चढले. मी मागून चढले, म्हणजे पडले तर माझ्यावर पडतील.

दुपारी पुतीन खाल्लं. बटाट्याच्या तळलेल्या काचऱ्यांवर चीजचे खडे आणि त्यावर गरम रस्सा. चांगल्या कुरकुरीत काचऱ्या करायच्या आणि खाण्याआधी स्वतःच भिजवून टाकायच्या, यात काय अक्कल आहे मला कळलं नाही. डॉक्टरांनी मात्र रस्सा कशाचा आहे ते विचारून घेतलं आणि नुसत्या काचऱ्या मागवल्या.

मग संग्रहालयात गेलो. उद्याच्या आधी एकदा वाजवून बघावं एवढाच हेतू. तिथल्या क्लेअरबाई आम्हाला घ्यायला दारात आल्या. उंच, करड्या रंगाचा स्कार्फ, हळू बोलणं, वागणं अतिशय सभ्य. त्यांच्या मागून आत शिरलो. तर एका माणसानं उद्यासाठी मांडून ठेवलेल्या, संग्रहालयाच्याच एका गेंडांगावरून चक्क ओलांडून पलीकडे ढांग टाकली. माझ्या तोंडून मराठीतच "अहो!" निघालं. वाद्य ओलांडत नाहीत हे आमच्याकडे चालू लागलेल्या पोराला माहीत असतं, आणि डॉक्टरांकडेही. त्या माणसाला वाटलं मी त्याला नमस्कार केला. तो हसला.

रेबाब काचेच्या कपाटात होता. छान उजेड सोडला होता त्याच्यावर. डॉक्टर जवळ गेले, वाकले, आणि तसेच राहिले. मी चष्मा नीट करून पाहिलं. कातडी स्वच्छ. एकदम लख्ख. गोळी नव्हती.

"मेण कुठंय?" मीच विचारलं.

क्लेअरबाईंचा चेहरा खुलला. कुणीतरी त्यांच्या कामाकडे लक्ष दिलं होतं ना! "तुमच्या लक्षात आलं! बराच जुना थर बसला होता, आणि एक चिकट गाठ होती. आमच्या तज्ज्ञांनी कापसाच्या काड्यांनी फार हळुवारपणे काढली. कातडीला जराही धक्का लागला नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. विचार करा, आपल्या तबल्यावरची शाई कुणीतरी डाग समजून पुसली, आणि वर शाबासकीची वाट बघत उभं राहिलं! दुष्टपणानं केलं असतं तर मी समजू शकले असते. पण हे प्रेमानं केलं होतं, काळजीनं, कापसानं. ज्याचं वाद्य तो माणूस जिवंत आहे, त्याला फोन आहे, तो चांगलं इंग्रजी बोलतो. त्याला एक फोन करून 'हे काय आहे' विचारावं, हे यांच्यापैकी एकाच्याही डोक्यात येऊ नये?

हे सगळं मी बोलले. मोठ्यानं बोलले. केतकी माझी बाही ओढत होती. "आई, इथे असं शाउट नाही करत. प्लीज."

"मग कसं करतात?" मी म्हणाले. "कापसानं?"

डॉक्टर सावकाश सरळ झाले. त्यांनी फक्त विचारलं, "ती गोळी आहे का ठेवलेली?" क्लेअरबाई म्हणाल्या, नाही, तसला कचरा ठेवण्याची पद्धत नाही. कचरा हा शब्द त्यांनी वापरला. मग डॉक्टरांनी रेबाब बाहेर काढायला सांगितला. त्यांच्यापुढे निळे रबरी हातमोजे आले.

"बाई, मी जन्मभर हातमोजे घालून लोकांच्या तोंडात हात घातले," डॉक्टर म्हणाले. "रेबाबाला कधी घातले नाहीत." आणि त्यांनी उघड्या हातांनी उचलला.

गज फिरवला आणि जो आवाज निघाला तो मला परत ऐकायचा नाही. कर्कश, फाटका, मधूनच घसा धरल्यासारखा. डॉक्टरांनी गज ताबडतोब खाली ठेवला. त्यांच्या कपाळावर घाम होता. क्लेअरबाईंना तेवढं तरी समजलं असावं, कारण त्यांचा आवाज आणखी हळू झाला. उद्या वाजवणं कठीण वाटत असेल तर आपण रेकॉर्डिंग लावू, त्यांच्याकडे मलेशियाचं फार चांगलं रेकॉर्डिंग आहे, म्हणाल्या.

मी म्हणाले, मेण लावू. त्या म्हणाल्या, वस्तूवर कोणताही नवा पदार्थ लावायचा तर समितीची परवानगी लागते, आणि समिती पुढच्या महिन्यात बसते. काढायला समिती लागली नव्हती, लावायला लागते!

"सही अजून झालेली नाही," डॉक्टर म्हणाले. शांतच म्हणाले, पण त्यांच्या बोलण्याला पहिल्यांदाच धार आली होती. "आज हे वाद्य माझं आहे. उद्या सकाळी मी मेण आणतो."

मॉन्ट्रियल, रविवार

मेणबत्तीचं मेण चालत नाही, कातडी थरथरली की ते तडकून पडतं. मधमाशीचंच हवं. म्हणून सकाळी उठून शेतकऱ्यांच्या बाजारात गेलो. भोपळे, सफरचंदं, लाल मिरच्यांच्या माळा, सगळं इतकं नीट रचलेलं की हात लावायची भीती वाटावी. एका टेबलावर मधाच्या बाटल्या होत्या आणि मागे एक लालबुंद गालांच्या आजीबाई. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, निदान आमच्याशी बोलायचं नव्हतं. केतकीचं फ्रेंच 'बोंजूर'नंतर संपलं. मध दाखवून मान हलवली, तर आजीबाईंनी दुसरा मध पुढे केला. शेवटी मी दोन्ही हात पंखासारखे हलवून गुंगुंग केलं आणि अंगठ्यानं काहीतरी दाबून चिकटवून दाखवलं. केतकी चार पावलं मागे सरकली. आजीबाई मात्र खदखदून हसल्या, "आ, ला सीर!" म्हणाल्या, आणि टेबलाखालून पिवळंधमक मेणाचं ढेकूळ काढलं. त्याला मधाचा वास होता. डॉक्टरांनी ते नाकाशी धरलं आणि बराच वेळ धरून ठेवलं.

संग्रहालयात एका मागच्या खोलीत आम्हाला बसू दिलं. क्लेअरबाई फोनवर चित्रीकरण करत उभ्या. मेण थंडीनं दगड झालेलं. डॉक्टर तळहातावर मळायला लागले, पण त्यांची बोटं वळेनात. मी म्हणाले, आणा इकडे. कणीक मळण्यात माझा जन्म गेलाय, पोळीचीही आणि पखवाजाचीही. मऊ होईपर्यंत मळलं आणि हरभऱ्याएवढी गोळी करून त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती कातडीवर दाबली, गज फिरवला. आवाज एकदम बसला, जसा सर्दीनं बसतो. जास्त झालं होतं. नखानं थोडं काढलं. पुन्हा गज. आता वरची तार बरी, मधली अजून कुरकुरत होती. गोळी केसभर डावीकडे सरकवली. पुन्हा गज. असं किती वेळ चाललं कुणास ठाऊक. मी मान हलवायचे, ते सरकवायचे.

आणि मग एका क्षणी तो सूर आला. सांगता येत नाही कसा. जरा घोगरा, माणसाच्या गळ्यातून यावा तसा, पण कुठेही न ओरखडणारा. डॉक्टरांनी डोळे मिटले. क्लेअरबाईंकडे वळून मी म्हणाले, "हा तुमचा कचरा." त्यांनी फोन खाली केला. त्या खरंच ओशाळल्या होत्या, हे मी प्रामाणिकपणे लिहिते.

दुपारी दालनात खुर्च्या मांडल्या होत्या, माणसंही बरीच आली होती. डॉक्टर समोर चटईवर बसले, रेबाब उभा धरला, आणि थांबले. मग म्हणाले की ही सुरुवात रेबाबासमोर जमिनीवर बसून ऐकायची असते, जमेल त्यांनी खाली बसावं. लोक हसले, कुणी हललं नाही. एक गणवेशातला माणूस पुढे येऊन म्हणाला, वाटेत बसता येणार नाही, आगीचा नियम आहे.

"आग लागली तर मी उठेन," मी म्हणाले आणि बसले. माझे गुडघे असे वाजले की पहिल्या तालाआधीची सलामी झाली. केतकी बसली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण बसली, पोर माझी आहे. मग एक जाडे गृहस्थ, मग त्यांची बायको, मग एकदम दहा-बारा. सगळ्यात शेवटी क्लेअरबाई स्कार्फ सावरत बसल्या. तो गणवेशवाला भिंतीला टेकून उभा राहिला.

डॉक्टरांनी वाजवलं. एके ठिकाणी बोट तारेवरून घसरलं. त्यांनी तोंड वाकडं केलं नाही, मागे गेले आणि तोच तुकडा पुन्हा घेतला. मला त्यातलं शास्त्र काही कळत नाही. पण इतकी माणसं एका लाकडाकडे तोंड करून गप्प बसलीत, आणि ते लाकूड बोलतंय, एवढं कळत होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात उचलावासा वाटला नाही.

संपल्यावर क्लेअरबाई कागद घेऊन आल्या. "आता आम्हाला समजलं," म्हणाल्या. डॉक्टरांनी कागद घडी करून खिशात ठेवला. "तुम्ही तो कसा ठेवणार त्याचा एक फोटो पाठवा. मग सही करून पाठवतो."

त्या लोखंडी जिन्यावर मी त्यांना गाठलं. रेबाब तिथंच ठेवून आल्याबद्दल मला त्यांचाही राग आला होता. "ज्यांनी मेण पुसलं त्यांच्याच हातात परत दिलात?"

"पुआन," ते कठडा धरून म्हणाले, "माझ्या घरी तो कपाटात मरेल. इथं निदान कुणीतरी येऊन मागेल, वाजवेल. आणि आता त्यांना माहीत आहे."

हे खरंच होतं. म्हणून राग आणखी वाढला. वर जाऊन मी केतकीवर चहा पातळ झाला म्हणून ओरडले.

पुन्हा मिसिसागा

माझं परतीचं विमान जवळ आलं होतं. बॅगा भरत होते तोच डॉक्टरांचा फोन आला, दोघी जरा वर या. गेलो. त्यांनी टॅब्लेट पुढे केला. फोटो आला होता.

मोठं नवं काचेचं कपाट. त्यात रेबाब, मुकुटासकट, सुंदर उजेडात. कातडी स्वच्छ. एकदम लख्ख. आणि शेजारी, त्याच कपाटात, हाताच्या तळव्याएवढी वेगळी काचेची डबी. तिच्यात पांढऱ्या मखमलीवर आमची मेणाची गोळी. खाली पाटी. केतकीनं वाचून दाखवली, वाचताना तिचा आवाज बदलत गेला. "मधमाशीचं मेण. क्यूबेक, समकालीन. रेबाबाच्या कातडीवर पारंपरिक पद्धतीनं लावलं जातं. वादकाच्या हस्ते." आणि क्लेअरबाईंनी सोबत लिहिलं होतं की मेणामुळे कातडी काळाच्या ओघात खराब होऊ शकते, म्हणून तज्ज्ञांच्या सल्ल्यानं ते वेगळं जतन केलंय. यावेळी काहीही फेकलेलं नाही.

यानंतर मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. केतकीनंही मला थांबवलं नाही. उलट ती म्हणाली, "आई, धिस इज इनसेन. पहिल्यांदा कळलं नव्हतं, ओके. आता कळूनसुद्धा?" मला तेच म्हणायचं होतं. अज्ञानाला मी माफ केलं असतं. यांना सगळं समजलं, समजलेलं सगळं पाटीवर लिहिलं, आणि वाद्य पुन्हा मुकं केलं. मुकेपणाला आता माहितीही जोडली.

डॉक्टर फोटोकडे बघत होते. दाताचा एक्स-रे बघावा तसे, मान जरा तिरकी करून. मला वाटलं ते रडतील. पण ते उठले, खिडकीपाशी जाऊन उभे राहिले, परत आले. सही न केलेला कागद काढून त्यांनी टेबलावर ठेवला.

"पाक चिक, पण मग वाजवणार कोण?" केतकीनं विचारलं.

"कुणी नाही," ते म्हणाले. "पण माझ्या कपाटात असला तरी तो बोलू शकणारा रेबाब असेल. कधी कुणी दार उघडलंच तर."

मग त्यांनी एका बोटानं टाइप करायला घेतलं. फार वेळ लागला. पाठवण्याआधी टॅब्लेट माझ्याकडे दिला, शिक्षिका म्हणून एकदा तपासा म्हणाले. इंग्रजी अगदी बिनचूक होतं. 'प्रिय क्लेअर, फोटो सुंदर आहे. मी सही करत नाही. कृपया दोन्ही वस्तू परत पाठवा. पेटीत ठेवण्याआधी मेण त्याच्या जागेवर लावा. जागा तुम्ही पाहिली आहे. आपला, हसन.'

मी म्हणाले, सगळं बरोबर आहे, तेवढं ते 'प्रिय' काढा.

त्यांनी नाही काढलं. तसंच पाठवलं.